नागऱ्याहून बेटाकडे : आधी ऋतू, मग तिकीट

प्राचीन शिवमंदिराचं नागरा गोंदिया शहराजवळच आहे. समुद्र मात्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. एवढी मजल मारायची, तर ऊन कुठे आणि कधी मिळतं हे आधी पाहिलेलं बरं.

अंदमान : विमान श्रीविजयपुरमला (२०२४पर्यंत पोर्ट ब्लेअर) उतरतं. जानेवारी ते एप्रिल हवा कोरडी, मेपासून पाऊस. स्वराज द्वीपावरच्या राधानगर किनाऱ्याला २०२०मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. सावरकरांना १९११ ते १९२१ या काळात ठेवलं होतं, ते सेल्युलर जेलही श्रीविजयपुरमचंच.

लक्षद्वीप : कोचीहून अगत्तीला विमान. प्रवाळांच्या कड्यामुळे आतलं पाणी उथळ आणि संथ, त्यामुळे नवख्यांनाही सोयीचं. प्रवेश परवाना आधीच काढावा लागतो.

स्पेन : शेंगेन व्हिसा हवा. मायोर्का, इबिसा ही भूमध्य समुद्रातली बेटं जून ते सप्टेंबरसाठी. डिसेंबरची सुट्टी असेल, तर आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची कॅनरी बेटं उबदार. त्यातही तेनेरिफेचा दक्षिण किनारा निवडावा : ३,७१५ मीटर उंचीचा तेइदे ज्वालामुखी आणि त्याची डोंगररांग ढग उत्तरेलाच अडवतात.