पीएच.डी.ला होकार देण्यापूर्वी…

होटगी जंक्शनवरून एक रेल्वेमार्ग वाडीकडे जातो, दुसरा विजयपूर-गदगकडे. प्रवासी गाडीची पाटी वाचूनच आत चढतो. पीएच.डी.चा प्रवेश मिळाला की मात्र आधी पेढे वाटले जातात. प्रश्न विचारायचे राहूनच जाते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम किमान तीन आणि साधारण सहा वर्षांपर्यंतचा. एवढा काळ ज्या वातावरणात काढायचा, त्याचा परिणाम प्रकृतीवर होणारच.

‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात २०१८ मध्ये २६ देशांतील २,२७९ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात बहुतांश पीएच.डी.चे विद्यार्थी होते. ३९ टक्के जणांत मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. सहभाग ऐच्छिक असल्याने हा आकडा सर्वांना लावता येत नाही. पण त्रास असलेल्यांपैकी अनेकांना मार्गदर्शकाचा आधार वाटत नव्हता, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

म्हणून पहिली चौकशी मार्गदर्शकाची. त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत? प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार अशी मर्यादा आहे. आधीच्यांना किती वर्षे लागली, किती जण सोडून गेले? हे जुन्या विद्यार्थ्यांना एकांतात विचारावे.

दुसरा प्रश्न पैशांचा. यूजीसीची जेआरएफ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. प्रकल्पातून मिळणारे मानधन प्रकल्पाबरोबर संपते का? रक्कम उशिरा आली तर खोलीभाडे कसे भागणार?

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. रक्ताचे नमुने हाताळायचे असतील तर हिपॅटायटिस बीची लस आधी घ्यावी. तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. विषारी वाफा खेचून घेणारी यंत्रणा चालू आहे का, हेही पाहावे. रजेचे विचारायला संकोच नको. महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे.

अटी आधी कळल्या तर त्यांना तोंड देता येते. १९३३ मध्ये कमला भागवत (नंतरच्या सोहोनी) यांना बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी अटींवर प्रवेश दिला. त्या अटी मान्य करून त्यांनी काम सिद्ध केले आणि पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

मिळालेली उत्तरे ई-मेलवर लेखी घ्यावीत. प्रवेशानंतर दोन आठवडे झोप उडाली, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांना भेटावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नये.