संशोधनाचं गाठोडं नीट बांधलंय ना?

‘लेक पीएच.डी. करतेय’ हे वाक्य आता तालुक्याच्या गावातही नवलाचं राहिलेलं नाही. कुणाची मुलगी, कुणाची सून, तर कुणी चाळिशीत पुन्हा पुस्तकं हातात घेतलेली प्राध्यापिका. आपण कौतुकानं विचारतो, ‘झालं का गं लिहून?’ पण लिहिण्याआधी जे गोळा करावं लागतं, त्याची चौकशी सहसा कुणी करत नाही. भरून आणलेल्या प्रश्नावल्या, मोबाइलवर घेतलेल्या मुलाखती, प्रयोगशाळेतल्या नोंदी, फोटो, आकड्यांचे तक्ते... हा सगळा ‘डेटा’. प्रबंध म्हणजे वाढलेलं ताट आणि डेटा म्हणजे कोठीतलं धान्य. कोठीलाच उंदीर लागले, तर ताट वाढणार कशाचं?

बचत गटाच्या कामामुळे अशा मुलींशी माझी नेहमी गाठ पडते. कापडी पिशवीत प्रश्नावल्यांची चळत, लॅपटॉपवर एकच प्रत आणि फाइलींची नावं म्हणाल तर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’! त्यातल्या एकीची हार्ड डिस्क ऐन शेवटच्या वर्षी बसली. कागद होते म्हणून आकडे पुन्हा टाइप करता आले, पण मुलाखतींचं रेकॉर्डिंग गेलं ते गेलंच. बोलणाऱ्यांपैकी दोन आजीबाई तोवर वारल्याही होत्या. त्यांचं बोलणं आता कोण परत आणणार?

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशनातील नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम पीएच.डी.साठी सक्तीचा केला. झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर जपले जातात. हे चांगलंच आहे. पण प्रबंधामागची कच्ची सामग्री बहुतेक वेळा त्या मुलीच्याच कपाटात राहते आणि ती कशी ठेवायची, हे मुली एकमेकींना विचारूनच शिकतात.

दर वर्षी थोडं थोडं हरवतं

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, बरं का! कॅनडातल्या काही संशोधकांनी वनस्पती आणि प्राण्यांवरच्या ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागून पाहिला. हे निबंध २ ते २२ वर्षं जुने होते. २०१४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निबंध जसजसा जुना, तसतशी मूळ डेटा शिल्लक असण्याची शक्यता दर वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी कमी होत गेलेली दिसली. कुणाचा ई-मेल बदललेला, तर कुणाचा डेटा जुन्या डिस्कमध्ये, जी वाचणारं यंत्रच आता मिळत नाही.

आपल्या मराठी मुलींची आणखी एक अडचण. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. म्हणून मुलाखती पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप कराव्यात. दहा वर्षांनीही त्या वाचता येतील.

एका विद्यार्थ्यानं पकडलेली चूक

डेटा जपला तर काय होतं, त्याची एक गोष्ट सांगते. अमेरिकेत कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला. देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असा त्याचा सूर होता. सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी त्याचा मोठा आधार घेतला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून तेच गणित पुन्हा करायचं होतं. उत्तर काही जुळेना! त्यानं लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. पाहतो तर काय, सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्रात आल्याच नव्हत्या. आकडे निवडण्यावर आणि त्यांना वजन देण्यावरही त्यानं आक्षेप घेतले. २०१३ मध्ये त्यानं आपल्या दोन प्राध्यापकांसह दाखवून दिलं, की जादा कर्जाच्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का नव्हे, तर २.२ टक्के येते. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, आपला मुख्य मुद्दा मात्र सोडला नाही. पण फाइल जपलेली होती आणि मागितल्यावर मिळाली, म्हणून एका विद्यार्थ्याला जगासमोर प्रश्न विचारता आला, हे महत्त्वाचं.

घरातलीच शिस्त

यासाठी महागडं काही लागत नाही. आपण घरात पाळतो तीच शिस्त!

- तीन प्रती : एक लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे विद्यापीठाच्या किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात बॅकअप घेणाऱ्या प्रणालीतल्याच चुकीनं सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. म्हणून प्रत नुसती काढायची नाही, अधूनमधून उघडूनही बघायची.

- मूळ फाइलला हात नाही : विरजणाचं जसं वेगळं काढून ठेवतो, तशी पहिली फाइल बाजूला ठेवायची. काटछाट करायची ती दुसऱ्या प्रतीत.

- नावात तारीख : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. फाइली आपोआप ओळीनं लागतात.

- बरणीवर चिठ्ठी : कुठल्या आकड्याचा अर्थ काय, हे एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. १ म्हणजे होय, २ म्हणजे नाही, ९९ म्हणजे उत्तर दिलं नाही. नाहीतर वर्षभरानं हिशेब करताना एखाद्या बाईला ९९ मुलं निघायची!

काम संपल्यावर डेटा कुठे ठेवायचा? युरोपातल्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत चालणारं ‘झेनोडो’ हे भांडार २०१३ पासून जगभरच्या संशोधकांना मोफत खुलं आहे. पण तिथे ठेवण्याआधी एक गोष्ट फार जपायला हवी.

विश्वासाची ठेव

ती म्हणजे माहिती देणाऱ्या बाईचा विश्वास. दारू पिऊन मारणारा नवरा, पडलेलं मूल, सावकाराचं कर्ज... हे सगळं बाई परक्या मुलीला सांगते, ते भरवशावर. तिचं नाव आणि तिची उत्तरं एकाच फाइलमध्ये ठेवू नयेत. उत्तरांवर फक्त क्रमांक टाकावा. नावांची यादी वेगळी, पासवर्ड लावून. आणि लहान गावात नुसतं नाव गाळून भागत नाही. ‘शिवणकाम करणारी, विधवा, माजी उपसरपंच’ एवढं लिहिलं तरी अख्खं गाव ओळखतं! ज्या फोनवर रेकॉर्डिंग आहे, तो घरात सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर काय उपयोग?

म्हणून मैत्रिणींनो, उद्या एखादी मुलगी प्रश्नावली घेऊन दारात आली, तर तिला पाणी द्या, वेळही द्या. पण चार प्रश्न जरूर विचारा. माझं नाव कुठे लिहिणार? हे कोण कोण बघणार? किती दिवस ठेवणार? मी नको म्हटलं तर काढून टाकाल का? ती मुलगी रागावणार नाही. चांगली संशोधक असेल तर उलट खूश होईल.

आणि मुलगी आपल्याच घरातली असेल, तर? दिवाळीच्या साफसफाईत तिच्या कागदांचा गठ्ठा रद्दीत घालण्याआधी एकदा तिला विचारा. तिचा फोन नातवाच्या हाती देण्याआधीही विचारा. तिला संशोधनातलं काय कळतं, हे आपल्याला समजलं नाही तरी चालेल. पण ‘तिसरी प्रत काढलीस का गं?’ एवढं तर आपण नक्कीच विचारू शकतो, नाही का?