क्रँकची शेवटची पायरी

दिवाळी आली की मुंबई-पुण्याची माणसे गावाकडे निघतात. आमच्या बीड जिल्ह्यात नेमके उलटे घडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथली घरेच्या घरे कुलपे लावून बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांची धुराडी पेटण्याची वेळ झालेली असते, आणि लाखो ऊसतोड कामगार तिकडे चाललेले असतात. नवरा-बायकोच्या जोडीला ह्या व्यवहारात 'एक कोयता' म्हणतात. भांडीकुंडी, पिठाचे डबे, शेळ्या, तान्ही मुले असा सारा संसार ट्रकमध्ये चढतो आणि पाचसहा महिन्यांनी परततो.

ट्रक नसता तर ह्या जिल्ह्याचे काय झाले असते, कोण जाणे! परळीला रेल्वे जुनी. पण खुद्द बीड शहराला आगगाडी पाहायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. तोवर ट्रक हीच आमची आगगाडी. त्यातही लांब नाकाचा टाटा म्हणजे घरचा माणूस. जमशेदपूरला १९५४ साली डाइम्लर-बेंझ ह्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने टाटांचे ट्रक तयार होऊ लागले. १९६९ साली तो करार संपला, नाकावरचा तारा गेला. पण नाक मात्र पुढे कित्येक वर्षे कायम राहिले. कारखान्यातून येई ती नुसती चासी आणि इंजिन. लाकडी बॉडी बांधायची सुताराने, तिच्यावर मोर आणि कमळे काढायची रंगाऱ्याने. त्यामुळे एकासारखा दुसरा ट्रक सापडायचा नाही.

असाच एक ट्रक २०१२ साली माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडे होता. पोरगा त्यांना आप्पा म्हणे, म्हणून मीही आप्पाच म्हणू लागलो. ते साल दुष्काळाचे. शेतात काही उरले नव्हते. भिस्त होती ती एका कारखान्याशी केलेल्या ऊसवाहतुकीच्या करारावर. कराराची उचल घेऊन आप्पांनी ती मुकादमामार्फत टोळीला वाटूनही टाकली होती. आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना मांजरसुंब्याच्या घाटात रेडिएटरचा पाइप फुटला. पाणी गेले, इंजिन तापले, पिस्टन फुगून सिलिंडरला धरून बसले आणि ट्रक जागच्या जागी थांबला. गॅरेजच्या भाषेत 'इंजिन जाम झाले'.

धुळे-सोलापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात ते खोलले जात असताना मी बऱ्याच संध्याकाळी जाऊन बसलो. मराठी शिकवणाऱ्या माणसाचे तेथे काय काम, असे आपण विचाराल. पण तेथली मराठी ऐकण्यासारखी होती. तेथे 'रिंग'च्या रिंगा होतात, 'व्हॉल्व्ह'चा वॉल होतो, पिस्टन 'तो', नोझल 'ती' आणि हेड 'ते'. साहेबाच्या घरून आलेले हे शब्द सुनांसारखे मराठीच्या घरात नांदत आहेत, आणि कोणत्याही शब्दकोशाला त्यांची वार्ता नाही.

मिस्त्रींना सारे चाचा म्हणत. वय साठीच्या पुढचे. त्यांनी मला प्रथम डिझेल इंजिनाचे मर्म सांगितले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या नाही. सिलिंडरमधली हवा दाबून सोळा-सतरा पटींनी लहान करायची; त्या दाबानेच ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि तीत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली चालवून दाखवलेले इंजिन ते हेच. यावरून एक गोष्ट उघड होते. रिंगांच्या फटीतून हवा निसटली तर दाब नाही, दाब नाही तर उष्णता नाही, आणि उष्णता नाही तर इंजिन सुरूच व्हायचे नाही.

म्हणून इंजिन बांधणे म्हणजे प्रामुख्याने मोजणे. आप्पांचे इंजिन '६९७' जातीचे, म्हणजे ६ सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ती जास्त झाली की धूर आणि कमी झाली की पुन्हा जाम. सिलिंडर खरवडले गेले होते. ते लेथवाल्याकडे नेऊन, नव्या स्लीव्ह ठोकून बोअर करून आणता आले. हेड वाकले होते, तेही घासून सपाट करता आले. खरी चिंता होती क्रँकची.

क्रँक म्हणजे पिस्टनांची वरखाली धाव चाकांच्या फिरण्यात बदलणारा जाड दांडा. तापलेले तेल पातळ झाल्याने त्याच्या बेअरिंगा जळल्या होत्या आणि दांड्यावर ओरखडे पडले होते. ओरखडे घासून काढता येतात. पण दांडा तेवढा बारीक होतो आणि बेअरिंगा तेवढ्या जाड घ्याव्या लागतात. बाजारात त्या पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनीच मिळतात. चार पायऱ्या झाल्या की क्रँक भंगारात. आप्पांच्या क्रँकच्या तीन पायऱ्या पूर्वीच झालेल्या होत्या. राहिली होती एक; आणि तीही क्रँकला चीर गेली नसेल तरच. नवा क्रँक घ्यायचा तर टोळीला वाटलेली उचल परत मागावी लागणार होती, आणि ती लोकांनी केव्हाच खाल्ली होती.

चाचांनी क्रँक रॉकेलने न्हाऊ घातला, फडक्याने कोरडा केला आणि मला म्हणाले, "सर, खडू असंल ना तुमच्याजवळ?" खिशात होता. त्याची भुकटी करून त्यांनी दांड्यावर भुरभुरली. चीर असली तर तिच्यात शिरलेले रॉकेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. आम्ही चौघे त्या दांड्याभोवती ओणवे झालो. आप्पा तेवढे बघत नव्हते. ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते. पाव तास गेला. रेघ उमटली नाही. चाचांनी क्रँक साखळीला टांगून हातोडीने हलकेच वाजवला. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद निघाला. "आप्पा, वळा इकडं," एवढेच ते म्हणाले.

पुढचे काम आठ दिवसांचे. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, आणि तेही टप्प्याटप्प्याने आवळायचे; गृहिणी पापड मधून कडेकडे लाटते तसे. नोझल तपासायचे, टॅपेटची फट पत्तीने मोजायची, डिझेलच्या नळीतली हवा काढायची. दिवाळीच्या आदल्या रात्री सेल्फ मारला. दोनदा नुसते घुर्र झाले, तिसऱ्यांदा पांढरा धूर निघाला आणि सहाही सिलिंडर एका लयीत बोलू लागले.

पण चाचांची एक अट होती: पहिले हजार-दोन हजार किलोमीटर निम्माच भार. नव्या रिंगा सिलिंडरला रुळेपर्यंत इंजिनावर ताण नको. मुकादमाला घाई होती. सारी टोळी एका खेपेतच न्या, म्हणून तो हटून बसला. आप्पांनी ऐकले नाही. दोन खेपांचे डिझेल पदरचे घालून त्यांनी अर्धी माणसे आधी नेली, अर्धी नंतर. तो हंगाम तर पार पडलाच, आणखी चार हंगाम त्या इंजिनाने काढले. पोरगा बी. ए. होऊन आज एका शाळेत शिकवतो.

घाटात आपल्या मोटारीपुढे असा एखादा म्हातारा ट्रक कण्हत चढत असेल, तर हॉर्न वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्याचा क्रँक कदाचित शेवटच्या पायरीवर असेल, आणि मागे फाळक्याला धरून कुणाचा तरी सारा संसार बसलेला असेल.