माती तर आपल्या हाती आहे

१ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. मागणी होती रास्त भावाची आणि कर्जमाफीची. भाव आपल्या हाती नाही. माती मात्र आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून आयुष्यभर तिचाच हिशेब मांडला. उसाचे पाचट, पालापाचोळा, चुलीपाशी उरलेली भाजीची देठे हे सारे उन्हातून कमावलेले धन. जाळले तर धूर, कुजवले तर कसदार माती आणि खताचा खर्च कमी. १० गुंठ्यांत कुटुंबाची गरज भागावी, हे त्यांचे गणित. यंदा एकच वाफा असा करा, शेजारच्या वाफ्याशी ताडून पाहा, वहीत नोंदवा आणि शेजाऱ्यालाही सांगा.