पाटी स्वस्त, पेन्सिल गायब

शाळेच्या पाटीवर कोणाचीही पेन्सिल चालायची. ग्राफिक टॅब्लेट दिसायला त्या पाटीसारखाच, त्यामुळे पेन हरवलेला टॅब्लेट निम्म्या किमतीत मिळाला तर घेऊन टाकावा, पेन काय नंतर कुठलाही आणता येईल, असा हिशेब अनेक जण करतात. चित्रकलेचे विद्यार्थी करतात, ऑनलाइन गणित शिकवणारे शिक्षकही करतात. गंमत म्हणजे हेच लोक केबल किंवा सीडी नसलेला टॅब्लेट 'अर्धवट माल' म्हणून परत ठेवतात. खोक्यातून किती वस्तू गेल्या हे मोजण्यापेक्षा कोणती गेली हे पाहायला हवं, आणि नेमकं तिथेच गणित उलटं होतं.

वॅकॉम कंपनीच्या टॅब्लेटमध्ये पृष्ठभागाखाली तारांच्या वेटोळ्यांची जाळी असते. ती विद्युतचुंबकीय लहरी सोडते. पेनमध्ये बॅटरी नसते. असतं ते ठरावीक वारंवारितेशी जुळवलेलं एक छोटं सर्किट, जे या लहरींतूनच ऊर्जा घेऊन उलट संकेत पाठवतं. पेनचं टोक दाबलं की त्या संकेतात फरक पडतो आणि रेघ जाड-बारीक होते. म्हणजे टॅब्लेटला पेनचा स्पर्श कळत नाही, त्याला कळतो तो हा संकेत. म्हणूनच मोबाइलवर चालणारी रबरी टोकाची स्टायलस इथे निव्वळ काडी ठरते आणि अ‍ॅपल पेन्सिलही निरुपयोगी. 'मग त्याच कंपनीचा पेन तरी चालेल ना?' तेही गृहीत धरता येत नाही. २०१७ च्या 'इंटुओस प्रो'सोबत येणारा 'प्रो पेन २' हा ८१९२ दाबपातळ्यांचा, पण २०१८ च्या साध्या 'इंटुओस'वर, म्हणजे सीटीएल-४१०० वर, तो चालत नाही. त्याचा पेन वेगळा, ४०९६ पातळ्यांचा. नावं सख्ख्या भावांसारखी, बोलणं मात्र बंद. तेव्हा खोक्यावरच्या नावावर न जाता टॅब्लेटच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक पाहावा आणि त्या क्रमांकाचा पेन आज विकत मिळतो का, केवढ्याला मिळतो, हे आधी शोधावं. लहान, स्वस्त टॅब्लेटच्या बाबतीत पेनची किंमत मिळालेली सवलत सहज गिळून टाकते. उत्पादन बंद झालेल्या मॉडेलचा पेन तर पैसे मोजूनही मिळेलच असं नाही.

यावर विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर असतं: टॅब्लेट अगदी चालू आहे, लावून बघा, दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली, एवढंच सिद्ध होतं. खालची जाळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शाबूत आहे की नाही, हे पेनशिवाय तपासताच येत नाही. पेन असेल तर पट्टी लावून सावकाश तिरकी रेघ ओढावी; ती थरथरली किंवा मध्येच तुटली तर बोलणं तिथेच थांबवावं. पेनच नसेल, तर विकणारा ज्याची खात्री देतो ते त्याने स्वतःही पाहिलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.

बाकीच्या उणिवांची भीती मात्र फुकाची. ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो, त्यामुळे सीडी नसल्याने काही अडत नाही. फक्त तो ड्रायव्हर आपल्या संगणकावर चालतो का, ते पाहावं. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्राम चालेनासे झाले, आणि अशा जुन्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेलं यंत्र तिथे नुसतं पाट म्हणून उरतं. निब मुळातच झिजण्यासाठी असतात; त्या पेनच्या निब वेगळ्या विकत मिळतात आणि निब काढायची कडी हरवली तर चिमटा पुरतो. सोबतच्या सॉफ्टवेअरचा परवाना आधीच्या मालकाने वापरलेला असला तरी क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर मोफत आहे. साधी यूएसबी केबलही सहज मिळते. एवढंच, की काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात; त्या लावल्या की टॅब्लेट बिघडल्याचा भास होतो. पडदा असलेल्या पेन डिस्प्लेचं प्रकरण वेगळं. तिथे यूएसबी-सी जोडणी असेल तर त्या केबलमधून चित्रही जावं लागतं आणि फोनच्या चार्जरसोबतची साधी केबल ते वाहून नेत नाही. काही मॉडेलना तर खास एकत्रित केबल लागते. ती नसेल तर तिची किंमत पेनसारखीच आधी काढावी.

मग पेन नसलेला टॅब्लेट कोणीच घेऊ नये का? एक गिऱ्हाईक आहे: ज्याच्याकडे तेच मॉडेल होतं, पाटी फुटली आणि पेन धड राहिला. तो स्वतःचा पेन घेऊन दुकानात जातो, रेघ ओढून बघतो आणि सवलत खरीखुरी पदरात पाडून घेतो.