चिमटीत धरलेला सूर

मीठ भाजीत टाकायचं, सदऱ्याचं बटण लावायचं, कुलपात किल्ली फिरवायची, ही सगळी अंगठा आणि बोटांची कामं. पक्षाघातानंतर अनेकांचा पाय चालण्याइतका सुधारतो, हातही खांद्यापासून उचलता येतो, पण बोटांचं घोडं अडून बसतं. मग थेरपिस्ट व्यायामाचा कागद देतात: चेंडू दाबा, वाटीतले राजमे एकेक उचला, अंगठा प्रत्येक बोटाला लावा. पहिला आठवडा घरात उत्साह असतो. पुढे तो कागद फ्रिजवर चिकटलेला राहतो, एवढंच.

बोटांना हवी असते पुनरावृत्ती, तीही भरपूर. मेंदूला इजा झालेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत एकेका बैठकीत शेकडो वेळा तीच हालचाल करून घेतात. माणसांचं काय? कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष उपचारांच्या वेळी बसून मोजलं. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत हाताच्या उपयोगी हालचाली एका बैठकीत सरासरी 32 भरल्या. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही गत, मग घरी काय होत असेल!

कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठात डेव्हिड रेन्केन्समायर यांच्या प्रयोगशाळेत निझान फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी यावर ‘म्युझिकग्लोव्ह’ हा हातमोजा बनवला. कल्पना ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेमवरून आलेली. मोजा मुद्दाम साधा ठेवलेला आहे. बोटं ओढणाऱ्या मोटारी नाहीत की तारा नाहीत. अंगठ्यावर, चारही बोटांच्या टोकांवर आणि तर्जनीच्या कडेला वीज वाहून नेणारे ठिपके. अंगठा ठिपक्याला टेकला की मंडल पूर्ण होतं आणि संगणकाला कळतं. पडद्यावरून गाण्याबरोबर रंगीत खुणा सरकत येतात. खूण ठरल्या रेषेवर पोचली की तिच्या रंगाचं बोट अंगठ्याला भिडवायचं. चार बोटांच्या चार चिमट्या, आणि पाचवी पकड तर्जनीच्या कडेवर, किल्ली धरतो तशी. सेकंदाला एक खूण धरली तरी तीन मिनिटांच्या गाण्यात 180 चिमट्या होतात. आपल्याकडे बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत हिशेब किंवा जप करणाऱ्या आजीला ही हालचाल निराळी शिकवावी लागणार नाही.

हे खरंच चालतं का? मापाचं साधन अगदी साधं: मध्ये फळी घातलेली लाकडी पेटी आणि इंचभराचे ठोकळे. एका मिनिटात किती ठोकळे फळीपलीकडे टाकता येतात, ते मोजायचं. पक्षाघाताला बराच काळ उलटलेल्या 12 जणांवरच्या, 2014मध्ये छापलेल्या चाचणीत मोज्याने टेबलावरच्या नेहमीच्या व्यायामांपेक्षा जास्त ठोकळे हलवून दाखवले. मग डॅनियल झोंडरव्हॅन आणि सहकाऱ्यांनी तोच मोजा 17 जणांच्या चाचणीत घरी धाडला. तीन आठवडे, आठवड्याला तीन तास. या वेळी ठोकळ्यांत मोजेवाले आणि पुस्तिकेवरून व्यायाम करणारे यांच्यात लक्षणीय फरक पडला नाही. मोजेवाल्यांच्या बाजूने फरक दिसला तो रोजच्या कामांत हात किती आणि कसा वापरला, या प्रश्नांच्या उत्तरांत. मला हा निकाल ठोकळ्यांहून मोलाचा वाटतो. कारण दुबळ्या हाताची खरी अडचण अशी, की दुसऱ्या हाताने काम भागतं; मग येत असलेली हालचालही माणूस करेनासा होतो.

अर्थात, ही उत्तरं रुग्णांनीच दिलेली, आणि माणूस स्वतःच्या हाताबद्दल कधी जास्त सांगतो, कधी कमी. त्याच प्रयोगशाळेतलं दुसरं उपकरण, ‘मॅन्युमीटर’, इथे कामाला येऊ शकतं: बोटात चुंबकाची अंगठी, मनगटावर घड्याळासारखा संवेदक. बोट हललं की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि दिवसभरातल्या हालचालींचा अंदाज मिळतो. चालताना हात नुसता झुलला तरी नेहमीचा मनगटी पट्टा ते मोजून बसतो. इथे हिशेब बोटांचा आहे.

मोजा सर्वांसाठी नाही. मूठ मुळीच उघडत नसेल तर अंगठा टेकवणार कशाला? बोटं आखडलेली असतील, खांदा दुखत असेल, हात सुजलेला असेल, तर आधी थेरपिस्टला दाखवायचं. आणि खेळात आपोआप जादू असते असंही नाही. गुस्तावो सापोस्निक यांच्या 2016च्या मोठ्या चाचणीत 141 रुग्णांपैकी निम्म्यांना निन्टेन्डो वी हा व्हिडिओ गेम दिला, बाकीच्यांना पत्ते, लाकडी ठोकळे असे साधे खेळ. दोन आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले. पत्त्यांचा जोड किती स्वस्त पडतो, ते सांगायला नको. मात्र त्या रुग्णांना ठरल्या वेळी तासभर खेळायला बसवणारं कुणीतरी होतं. घरातले सगळे कामावर गेल्यावर पत्त्यांना भिडू लागतो. मोज्याला तो लागत नाही.