माहेरच्या नावाने हाक

रमजानमध्ये उपनगरांतल्या संध्याकाळचे गणित बदलते. जोगेश्वरी, मालाड, कुर्ल्याकडे निघालेल्या नोकरदार बायका इफ्तारच्या आत घर गाठायचे म्हणून एक लोकल आधीची पकडतात. अशातच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींच्या गटावर निरोप येतो, की शनिवारी सायंकाळी पाचला व्याख्यान, मग चहापान आणि करिअरविषयी गप्पा. रोजा असलेली मुलगी निरोप वाचते आणि मोबाइल बाजूला ठेवते. तिला कोणी ‘येऊ नकोस’ म्हटलेले नसते, तरी ती बाहेरच राहते. संध्याकाळच्या स्वयंपाकाची जबाबदारी असलेली तिची वर्गमैत्रीणही तशीच बाहेर राहते. मग ती कोणत्याही धर्माची असो.

एका व्याख्यानाला जाता आले नाही तर एवढे काय बिघडते? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये याच प्रश्नाच्या जवळचा एक निबंध लिहिला. नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, की नोकरीची बातमी देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत होता? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती रोजच्या उठबशीतल्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना कळली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण साधे आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दूरच्या ओळखीकडून.

या पाहणीतले सगळे पुरुष होते. ऑफिसबाहेरची चहाची टपरी, शेवटच्या लोकलचा ग्रुप, रविवारचे क्रिकेट अशा ठिकाणी पुरुषांच्या दूरच्या ओळखी आपोआप टिकतात. बाईची अशी जागा बहुतेक वेळा कॉलेज हीच असते, आणि लग्नानंतर नेमकी तीच सुटते. घरातली पहिलीच पदवीधर असलेल्या मुलीला तर नोकरीबद्दल विचारायला घरात कोणी नसते. तिच्यासाठी माजी विद्यार्थिनींचा मेळावा म्हणजे केवळ आठवणींचा कार्यक्रम नव्हे.

बाईच्या घरातल्या वेळेचा विचार शिक्षणात यापूर्वी झालेला आहे. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. तिच्यामागे टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका होती. १९१६ मध्ये पुण्यात विद्यापीठ सुरू झाले आणि १९३६ मध्ये त्याचे मुख्यालय मुंबईत आले. मातृभाषेतून शिकण्याची आणि घरी अभ्यास करून परीक्षा देण्याची सोय हे त्याचे वैशिष्ट्य. आज सांताक्रूझला जुहू रस्त्यावर एसएनडीटीचा मोठा परिसर आहे. घाटकोपरचे पी. एन. दोशी, विलेपार्ल्याचे मणिबेन नानावटी, मालाडचे एम. डी. शाह ही महिला महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

मुंबईतच कुलसुम सयानी यांनी मुस्लिम स्त्रियांना शिकवण्यासाठी शिक्षिका थेट घरोघरी पाठवल्या. नवशिक्षितांसाठी ‘रहबर’ हे पत्र त्यांनी १९४० पासून वीस वर्षे चालवले. हिंदुस्थानी भाषेतले हे पत्र उर्दू, देवनागरी आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत निघे. जिला यायला जमत नाही तिच्यापर्यंत आपण जायचे, एवढे साधे त्यामागचे सूत्र होते.

आज अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र मुद्दा असतो. त्यामुळे संघटना नोंदवल्या जातात, मेळावे भरतात, फोटो फाइलला लागतात. पाहुण्या बोलतात, पुष्पगुच्छ दिला जातो आणि शेवटच्या रांगेतली मुलगी प्रश्न न विचारताच निघून जाते. खरे तर तिचे प्रश्न अगदी ठोस असतात. मुलाखतीत काय विचारतात? मूल झाल्यावर पडलेला चार वर्षांचा खंड अर्जात कसा लिहायचा? घरून करता येण्याजोगे काम खरे कोणते आणि फसवे कोणते? ही उत्तरे व्याख्यानात मिळत नाहीत, ती चहाच्या कपाशी मिळतात. त्याला वशिला म्हणता येणार नाही. लायकी नसलेल्याला आत ढकलणे म्हणजे वशिला. लायकी असलेल्याला दार कुठे आहे ते सांगणे ही माहिती झाली.

दुसरी अडचण नावाची आहे. आपल्याकडे लग्नानंतर अनेक बायकांचे वडिलांचे नाव जाते, आडनाव जाते, काही घरांत पहिले नावही बदलते. कॉलेजच्या दप्तरात नोंद जुन्या नावाची आणि जुन्या पत्त्याची. पाच वर्षांनी शोधू म्हटले तर ती सापडत नाही. ज्या विद्यापीठाने बायकांना पदव्या दिल्या, त्याच्या नावातही नाथीबाईंच्या मागे दामोदर हे पतीचे नाव आहेच. रीत एवढी जुनी आहे, तेव्हा ती बदलेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. नोंदवहीत दोन रकाने हवेत, एक माहेरच्या नावाचा आणि एक आताच्या. फोन नंबरही तिचा स्वतःचा हवा, वडिलांचा किंवा नवऱ्याचा नको.

बाकी उपाय फारसे खर्चाचे नाहीत. मेळावा दुपारी अकरा ते दोन ठेवला तर रोजेदारही येतील आणि शाळेतून मुलांना आणणाऱ्याही. व्याख्यान अर्ध्या तासाचे असावे. मग खुर्च्या गोल मांडून बँक, शिक्षण, औषधनिर्मिती, स्वतःचा व्यवसाय अशी टेबले करावीत. प्रत्येक टेबलाशी त्या क्षेत्रातली एक थोरली बसावी. कोणी तिला ताई म्हणेल, कोणी आपा. मुले आणण्याची मोकळीक असावी. निघताना प्रत्येकीच्या वहीत निदान दोन नवे नंबर असावेत, आणि महिन्याभराने त्यांतल्या एकीने तरी विचारावे, ‘अर्ज केलास का?’

मेळाव्याच्या दारात एखादी पुढे येऊन लग्नाआधीच्या नावाने हाक मारते आणि समोरचीचा चेहरा फुलतो. तिथून तिच्या नोकरीपर्यंतचे अंतर फार नसते. ती त्या दारापर्यंत पोहोचू शकेल अशी वेळ तेवढी आयोजकांनी ठरवायला हवी.